लाखेची मोहोर

टेबलावर पाच पाकिटं होती. चारांत मुलीचे कपडे, इस्पितळात डॉक्टरांनी मोहोरबंद केलेले. पाचव्यात आरोपी फौजदाराचा गणवेश, त्यावर पोलीस ठाण्याची मोहोर. प्रयोगशाळेत नवीन लागलेल्या ऋजुताने पाकिटं दोनदा मोजली, कारण ती घेऊन आलेला हवालदार खरमाटे त्याच ठाण्याचा होता.

“मॅडम, लाख आहे, सोनं नाही. किती न्याहाळाल? पोच द्या, माझी एसटी जाईल.”

“पुढची मिळेल, काका. बसा.”

तक्रार द्यायला आलेल्या मुलीवर फौजदाराने ठाण्यातच बलात्कार केल्याचा खटला होता. गुन्हेगार वर्दीतला असला की कायदा अधिक कडक होतो: उरलेलं सगळं आयुष्य तुरुंगात जाऊ शकतं. मुलीच्या बाजूने बोलायला या पाकिटांखेरीज काही नव्हतं.

“साहेबांची पोरगी दहावीला आहे हो,” खरमाटे उगाच म्हणाला.

ऋजुताने कॅलिपर उचललं. डॉक्टरांनी पत्रावर उमटवून पाठवलेली नमुना मोहोर एकवीस मिलिमीटर भरली. पहिलं पाकीट एकवीस, दुसरं एकवीस, चौथंही एकवीस. तिसरं, मुलीच्या सलवारीचं, अठरा.

तिने पाचव्यावरची ठाण्याची मोहोर मोजली.

अठरा.