टाचणीची भोकं

जेलरसाहेब, तुम्ही खोटं बोललात. तुरुंगात सायलस तापाने मेला, त्याला पुरलंही, असं तुम्ही त्याच्या बायकोला, मर्सीला, सांगितलंत.

मग दर शनिवारी टपालाने तिच्याकडे वर्तमानपत्र येतं, त्यातल्या अक्षरांखाली टाचणीची भोकं कोण पाडतं? पत्राला पैसे पडतात, वर्तमानपत्र फुकट जातं, म्हणून भोकांवरची अक्षरं जोडून निरोप धाडायची, ही इंग्लंडातल्या लँकशायरच्या गरिबांनी काढलेली युक्ती. पण प्रत्येक शब्दाचं पहिलं भोक खोटं, ही खूण फक्त त्या नवराबायकोची होती.

"तुरुंगवाल्यांचाच डाव असणार, पोरी," शेजारची डॉर्कस मर्सीच्या चुलीपाशी बसून म्हणाली. "त्याने साथीदारांची नावं फोडली असतील, खूणही फोडली असेल."

मर्सीच्याही मनात तेच होतं. म्हणून या शनिवारी तिने छापखान्याच्या दारातूनच, शाई ओली असलेला अंक स्वतःच्या हाताने उचलला आणि घरी येऊन खिडकीच्या उजेडात धरला.

भोकं होतीच. खोटी सोडून तिने अक्षरं जुळवली. 'डॉर्कसला सांग, मी कोणाचंच नाव घेतलं नाही.'

ती वाचत असतानाच कागदाच्या मागून आणखी एक भोक पडलं.

साहेब, तुम्ही खिळे ठोकलेत तेव्हा त्याची शवपेटी गप्प होती का? उत्तर द्या.