ध्रुवची खोली

ठोकळे जोडता जोडता गरिमाचं बोट पुस्तिकेतल्या एकतिसाव्या पायरीवर थांबलं.

मंजिरीने कागदावर ३१ लिहून त्याभोवती गोल काढला. बोलली काहीच नाही. तिचा नियमच होता तो. कुणाचं खरं घर ठोकळ्यांत उतरवून त्याची पुस्तिका तयार झाली की ती एखाद्या लहान मुलासमोर ठेवायची, स्वतः बाजूला बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. मुलाचं बोट जिथे अडेल ते पान चुकलं, असं समजायचं. मग घरी जाऊन ते पान पुन्हा करायचं. बाण मोठा काढायचा, नाहीतर एका पायरीच्या दोन करायच्या. पुस्तिकेत शब्द एकही नसे, नुसती चित्रं. नवे ठोकळे रंगीत, आधी लावलेले फिके. सात वर्षांच्या मुलीला कुणाला काही विचारावं लागू नये.

गरिमा विचारणारही नव्हती. "कुणाशी बोलत नाही ती सध्या," सीमंतिनीने दारातच हळू आवाजात सांगितलं होतं. "घर विकलं आम्ही. पुढच्या महिन्यात भोपाळ. स्वतःच्या हातांनी जोडून हे घर सोबत नेता आलं, तर बोलेल कदाचित. आई म्हणून हाक तरी मारेल."

मंजिरीने जास्त चौकशी केली नाही. घर सुटायच्या नुसत्या कल्पनेनेही माणूस गप्प होतं. साताऱ्याहून लग्न होऊन ग्वाल्हेरला आली तेव्हा ती स्वतः दोन महिने अशीच होती.

शिंदे की छावनीतलं हे दुमजली घर आजवर तिने फोटोंतच पाहिलं होतं. सीमंतिनीने बाहेरून काढलेले अकरा फोटो पाठवले होते आणि खाली तीन ओळी. दरवाजा हिरवाच हवा. गच्चीवर कूलर दाखवू नका. ध्रुवची खोली खाली ठेवा.

ध्रुव म्हणजे गरिमाचा मोठा भाऊ असणार. एका फोटोवर बाण काढून त्याची खोली दाखवली होती, वरच्या मजल्यावरची. तिला मोठी खिडकी, खिडकीला गज नाहीत. ती बघून मंजिरीने फोटो लगेच पुढे सरकवला होता. तिची मुलगी दोन वर्षांची. घरी बाल्कनीला तिने खालपासून वरपर्यंत जाळी ठोकून घेतली होती. "पिंजरा करून टाकलास घराचा," नवरा म्हणायचा. म्हणू दे. त्यामुळे ती तिसरी ओळ वाचून तिला हायसं वाटलं. शहाणी बाई आहे. मुलाला खाली आणतेय.

तिने सगळी मांडणी बदलली. जिन्याशेजारी खोलीपुरती जागा काढली, भिंती सरकवल्या. वर नुसती गच्ची राहिली. तीन दिवस त्यातच गेले. खिडकी मात्र फोटोतलीच ठेवली, आता अंगणापासून दोन ठोकळे उंच. टोपी बाजारातल्या घाऊक दुकानात सुटे भाग धुंडाळताना एक निळा पलंग मिळाला. आणि कुणी सांगितलेलं नसताना, आपल्याकडून म्हणून, तिने एक बोटभर प्लास्टिकचा मुलगा त्यात घातला.

एकतिसाव्या पायरीवर तो पलंग होता आणि तो मुलगा.

गरिमा पानाकडे बघत होती. मग तिने डबीतून मुलगा शोधून काढला, मुठीत धरला आणि तशीच बसून राहिली.

सीमंतिनी पन्ह्याचे ग्लास घेऊन आली ती ट्रे धरून उभीच राहिली.

"हे काय आहे?"

"ध्रुवची खोली," मंजिरी म्हणाली. "तुम्ही खाली ठेवा म्हणालात ना."

"हो, खालीच म्हटलं होतं."

"मग खालीच तर आहे."

सीमंतिनीने एकदा पानाकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं.

"तुम्ही तिकडच्या, नाही का? आमच्याकडे खाली म्हणजे रिकामी हो. हिंदीतलं. रिकामी ठेवा म्हटलं होतं मी. पलंग नको, कुणी नको." तिने ट्रे टेबलावर टेकवला. "दिवाळीत गेला तो. त्याच खिडकीतून. आकाशकंदील बांधायला वाकला होता."

समोर आपलंच पान होतं, स्वच्छ, रेखीव, कोपऱ्यात पलंगाचं चित्र. मंजिरीला ते बघवेना.

"मी बदलते," ती म्हणाली. "आत्ताच नेते. खोली वर करते, रिकामी. चार पानांचं काम आहे, ताई, मला माफ करा." तिने ते अर्धं घर उचलायला हात पुढे केला.

गरिमाने दोन्ही हातांनी खोली झाकली.

"नको."

सीमंतिनी अलगद खाली बसली. जणू जोरात श्वास घेतला तरी लेकीचा आवाज पुन्हा यायचा नाही. "बेटा," ती अगदी हळू म्हणाली, "आंटींचं चुकलंय ग. दादाची खोली वर होती ना? तुला माहितेय ना?"

"माहितेय."

गरिमाने हात बाजूला घेतले. निळा पलंग पानात दाखवला होता तिथे बसवला. मुठीतला मुलगा खिडकीत उभा केला, तोंड बाहेर करून. मग बोटाने त्याला हलकेच ढकललं. तो अंगणात कुशीवर पडला. तिने त्याला उचलून पुन्हा उभं केलं.

"बघ आई," ती म्हणाली. "नुसता गुडघा फुटला असता."