कोठीतली बाळंतीण

शिंपीणबाईंनी दुधात पाव कुस्करला आणि थाळी कोठीत, दाराशीच ठेवली. "खा गं बाई," त्या कुत्रीला म्हणाल्या. "बाळंतिणीनं असं उपाशी राहू नये."

कुत्री उठेना. आडवी पडून ती नुसती केविलवाणं बघत होती. पोट भरलेली पिल्लं कोपऱ्यातल्या चिंध्यांवर एकमेकांच्या अंगावर गाढ झोपली होती. तरी दूध पिण्याचा चुटूचुटू आवाज चालूच होता.

बाईंनी आत जाऊन वाकून पाहिलं. कुत्रीच्या पोटाशी कोणीच नव्हतं. एक आचळ मात्र ताणलं जात होतं, सैल पडत होतं, पुन्हा ताणलं जात होतं.

"वहिनी, गिऱ्हाईक खोळंबलंय!" दुकानातून नणंदेनं हाक मारली.

"आले, आले!" म्हणत बाई घाईनं वळल्या. तोच कुत्री झटक्यात उठली, अंगानं दार लोटून बंद केलं आणि दात विचकत त्याला टेकून बसली. दार आत उघडणारं होतं.

आवाज थांबला.

मग बाईंच्या दुधानं ओल्या बोटाला काहीतरी मऊ, गरम येऊन लुचलं. त्यांनी हात मागे ओढला. तो सुटेना.

"अहो वहिनी, करताय तरी काय आत?"

कुत्रीनं थाळीत तोंड घातलं आणि कितीतरी दिवसांनी निवांत खायला लागली.