वीराला खाली ठेवताना

सेंट मायकेलच्या सणाचा तलवारनाच संपत आला होता. सकाळपासून एका हाताने बासरी आणि दुसऱ्याने ढोल वाजवून म्हाताऱ्या केपाचा पार पिट्टा पडला होता. ओठही फुटले होते. कधी एकदा घरी जाऊन आडवा होतो, असं त्याला झालं होतं.

चर्चच्या दारासमोर आठ जणांनी तलवारी बाजूला ठेवून नाचाच्या नायकाला, एनेकोला, रणात पडलेल्या वीरासारखं डोक्यावर आडवं उचललं होतं. बासरीचा शेवटचा सूर विरला की त्याला खाली ठेवायचं, ही रीत.

त्या सुरासाठी केपा श्वास घ्यायला थांबला, तर वरून घोरणं ऐकू आलं.

कुणी हसलं नाही. एनेकोची बायको तीन महिने अंथरुणाला खिळली होती आणि तो रात्र रात्र तिच्या उशाशी बसून असायचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

आठही जणांचे हात थरथरत होते.

"उतरवायचं का रे?" केपाने हळूच विचारलं.

"तुम्ही वाजवत राहा, आजोबा," त्यांच्यातला एक जण कुजबुजला.

केपाने ओठांवरचं रक्त पुसलं आणि तीच धून पहिल्यापासून सुरू केली. ढोलाला मात्र हात लावला नाही.