गोचीड

“सोड ना दादा! घरात एकच न्हाणीघर, तिथेही तू मला पुढे जाऊ देत नाहीस.”

धाकटा हसतच चेंडू घेऊन वळला. थोरला त्याच्या पाठीला चिकटून. फुटबॉलची लीग तिसऱ्या दर्जाची, पण तिथे थोरल्याला सगळे ओळखत. गोचीड म्हणत. गोल त्याच्या नावावर जवळजवळ नव्हतेच. मधल्या फळीत उभं राहायचं, समोरच्यांचा सर्वांत चांगला खेळाडू धरायचा आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही, हेच त्याचं काम.

आज तो खेळाडू त्याचा सख्खा भाऊ होता.

“गोचिडा, रक्त पी!” प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं.

काल. घर.

आई दोघांच्या जर्सींना इस्त्री करत होती. एक निळी, एक पिवळी.

“उद्या पहिल्या दर्जाच्या लीगमधल्या संघाचा माणूस येतोय,” ती मान वर न करता म्हणाली. “धाकट्याला बघायला.”

“त्याला माहीत आहे?” थोरल्यानं विचारलं.

“सकाळी सांगितलं. तेव्हापासून धड जेवला नाही.” तिनं बाही उलटी केली. “उद्या तू त्याला मोकळा सोड.”

“आई, माझा करार संपतोय. ढिला पडलो तर कोच हाकलून देईल. मग गोदामात खोकी उचलू?”

“तू एकतिशीचा झालास. तुला आता कोण नेणार आहे?” इस्त्री सरकत राहिली. “थोरला आहेस तू.”

या वाक्यापुढे त्या घरात कधी कोणाचं काही चाललं नव्हतं.

मैदान.

मध्यांतरानंतर थोरला एक पाऊल मागे राहिला. नुसतं एक पाऊल. धाकट्याला वळायला जागा मिळाली.

“झोपलास का रे?” कोच रेषेवरून किंचाळला.

पुढच्या वेळी थोरला घसरला. घसरल्यासारखा. धाकटा त्याच्या बाजूनं निघाला, गोलरक्षकाला चकवलं, गोल.

सगळा संघ त्याच्या अंगावर पडत होता, तो मात्र आधी मागे धावत आला. “लागलं का दादा?”

“मला काय होतंय? जा, नाच जाऊन.”

वरच्या रांगेत राखाडी कोटातला एक माणूस उठून उभा राहिला होता. त्याच्या मागच्या बाकावर आई. तिनं थोरल्याकडे बघून हात जोडले.

दुसरा गोलही तसाच झाला. लगेच बदलीची पाटी वर गेली. थोरला बाहेर आला, तेव्हा कोच त्याच्याकडे न बघताच बोलला.

“भावाला बक्षीस द्यायचं तर स्वतःच्या खिशातून द्यावं. उद्यापासून येऊ नकोस.”

कपडे बदलायची खोली रिकामी होती. थोरल्यानं बूट काढले, घोट्याच्या पट्ट्या सोडल्या. तरी कुठेतरी बरं वाटत होतं. एकाचं तरी झालं.

दारात राखाडी कोट.

थोरला अनवाणीच उठला. “तो पलीकडच्या खोलीत असेल, साहेब. बोलावू? फार गुणी आहे. आज दोन मारलेत, पण रोज असाच खेळतो.”

“मोकळं सोडल्यावर कोणीही मारेल,” माणूस म्हणाला. “आणि गोल मारणारे आमच्याकडे ढिगानं आहेत. आम्हाला चिकटणारा हवा होता. अख्खा हंगाम तुझे सामने बघितले. आज फक्त शिक्कामोर्तब करायचं होतं. काय झालं काय तुला?”

थोरल्याच्या हातातली पट्टी तशीच लोंबत राहिली.

“मला... मला कोणी सांगितलंच नाही.”

“असं कसं? गुरुवारी घरी येऊन गेलो की. तू सरावाला गेला होतास. आईंना म्हणालो, थोरल्याला न्यायचंय. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, नक्की थोरल्यालाच ना.”