कनवटीचा भंडारा

निमोण्याहून निघालेली जावयाची जीप भीमेच्या पुलावर वाफा टाकत थांबली. बॉनेट उघडून तो म्हणाला, “रेडिएटरला बारीक भोक पडलंय, पाणी टिकंना. हळद टाकली की बुजतं. मामी, हाय का?” मागं माझी लेक अंग चोरून बसलेली. तिच्या गळ्यावर त्याच्या बोटांचे वळ होते, तरी पंचांच्या शब्दाखातर मीच तिला केडगावला सोडायला निघाले होते. “न्हाई,” मी पुटपुटले. तो हसला. “मग कपाळावर काय हाय? रोज खंडोबाचा भंडारा लावल्याबिगर पाणी पीत न्हाई तुम्ही. काढा कनवटीची पिशवी.” त्यानं हात पुढं केला. लेक माझ्याकडं बघत होती. मी पिशवी सोडली आणि सगळा भंडारा तिच्यावर उधळला. “येळकोट येळकोट जय मल्हार!” एवढा मोठा आवाज माझाच होता. पिवळ्याधमक लेकीचा हात धरून मी माघारी चालू लागले.