पाठीखालचा हात

"कान पाण्यात जाऊ द्या, मावशी. मान सोडा."

"मान सोडली की जीव जातो, पोरी," असिमिना म्हणाली आणि मान आणखीच ताठ केली.

स्तामातिया छातीभर पाण्यात उभी होती. म्हातारीच्या पाठीखाली तिचे दोन्ही हात होते. वोलोसच्या खाडीत ऑक्टोबरातही पाणी कोमट असतं, तरी म्हातारी थरथरत होती. अंगात काळा झगा. नवरा गेल्यापासून काळं सोडलं नाही, ते समुद्रासाठी कशाला सोडू, असं तिनं काठावरच बजावलं होतं. शेवटी स्तामातियानं झग्याला गुडघ्यापाशी गाठ मारली आणि हाताला धरून तिला आत आणलं.

सिमेंटच्या कारखान्यातली कारकुनी वसंतात सुटली होती. नोकरी होती तेव्हाही स्तामातिया रोज सकाळी, भर थंडीतसुद्धा, पोहून मगच टेबलाशी बसायची आणि ओल्या केसांपायी साहेबांची बोलणी खायची. आता तिनं बेकरीच्या काचेवर कागद चिकटवला होता : मोठ्या माणसांना पोहायला शिकवते. सरकारदरबारी स्वतःच्या नावानं धंद्याची नोंदही करून आली होती. शिकायला कुणी येवो न येवो, सरकारी विम्याचा हप्ता आता भरावाच लागणार होता. गावानं कागद वाचला आणि गाव हसलं. चार बायका येतो म्हणाल्या. आज पहिल्या दिवशी आली ती एकटी असिमिना.

काठावर मोठी बहीण फोतिनी दगडावर बसली होती. मांडीवर टॉवेल, हातात स्तामातियाचा मोबाइल.

"समुद्र फुकट आहे गं बाई!" ती तिथून ओरडली. "त्याचे कोण पैसे देतं? उद्या हवा विकशील!"

"मी देते!" म्हातारीनं आडव्या आडव्याच उत्तर दिलं. "मेल्यांनी पेन्शन दोनदा कापली. तिसऱ्यांदा कापायच्या आत मला हवं ते करून घेते!"

फोतिनी मोबाइल उलटासुलटा करत राहिली. दोघी बहिणींचा मामेभाऊ थानासिस सुपरमार्केटात मॅनेजर होता. गल्ल्यावरची एक जागा त्यानं स्तामातियासाठी धरून ठेवली होती. आज सकाळी तो फोन करणार होता, हो की नाही ते विचारायला. काल दिवसभर स्तामातियानं मनाशी हो म्हटलं होतं. आज पोहायचे कपडे घालताना नाही. आता पुन्हा काही कळेनासं झालं होतं.

"हात पाठीखाली नि डोळे काठावर?" म्हातारी म्हणाली. "माझा नवरा असाच होता. ताटावर बसून आभाळ बघायचा."

"एवढे दर्यावर जायचे ते, तर तुम्हाला पोहायला नाही शिकवलं?"

"त्यालाच कुठं येत होतं! म्हणायचा, बुडायचंच असलं तर हातपाय मारून उशीर कशाला करा. आणि मेला कुठं, तर खाटेवर! तापानं!"

म्हातारीला स्वतःचंच हसू आलं. हसताना मान सैल पडली आणि कान पाण्यात गेले.

तेवढ्यात मोबाइल वाजला.

फोतिनी ताडकन उठली. हात उंच करून मोबाइल नाचवू लागली. "थानासिस! ये बाहेर! पळ!"

स्तामातियाचं पाऊल आपोआप काठाकडे वळलं. एक हात पाठीखालून निसटला. म्हातारीच्या नाकातोंडात पाणी गेलं. तिनं स्तामातियाचा दंड असा आवळला की नखं रुतली.

"आहे, मी आहे," स्तामातियानं हात परत खाली घातला. "खोका. श्वास घ्या. हं. पुन्हा मागे."

"अगं, बंद होईल तो!"

"मला नाही येता येत, ताई! तूच घे!"

फोतिनीनं मोबाइलकडे बघितलं, मग बहिणीकडे. मग मोबाइल कानाला लावला.

"नाही, ती नाही येऊ शकत," तिचा आवाज पाण्यावरून स्वच्छ येत होता. "कामावर आहे... अरे, कामावर म्हणजे कामावर! समोर दिसतेय मला!"

बराच वेळ ती ऐकत राहिली. मग मोबाइल खाली घेतला.

"थांबायला वेळ नाही म्हणाला. दाराशी दुसरी उभी होती. तिला घेतलं."

स्तामातियाला वाटलं, धावत जावं, मोबाइल हिसकावून घ्यावा, थानासिसची मनधरणी करावी. थोड्याच दिवसांत पाणी गार पडेल. मग कोण येणार? तिच्यासारखी वेडी तीच. काय करून बसलो आपण?

मग तिच्या लक्षात आलं, हातांना ओझं लागत नाहीये. तिनं एक हात हळूच खाली घेतला. मग दुसरा.

म्हातारी तरंगत होती. डोळे मिटलेले, कान पाण्यात, तोंड किंचित उघडं. काळा झगा अंगाभोवती फुगला होता. जमिनीवरून वारा सुटला होता आणि तो तिला आस्ते आस्ते काठापासून दूर नेत होता. स्तामातिया तिच्या बाजूनं चालत राहिली. पाणी गळ्याशी आलं, हनुवटीला लागलं. पायाखालची वाळू उतरत गेली आणि मग बोटांना लागेनाशीच झाली.

"इथं खोल आहे का गं?" म्हातारीनं डोळे न उघडता, बहिऱ्या माणसासारखं मोठ्यानं विचारलं.

"नाही, मावशी," स्तामातिया तिच्या कानाशी म्हणाली आणि पाय मारू लागली.